टुस्सा कुणाची

संध्याकाळचे पाच वाजत आले की टुस्सा उठायची, अंग झाडायची आणि दाराकडे तोंड करून बसायची. इकडे खुर्चीत एवर्टच्या पोटात दुखायला लागायचं. पाचला सिग्नेची टपालाची गाडी यायची. गाडी पुलापलीकडे असतानाच कुत्रीचे कान उभे राहायचे. एवर्टला इंजिनाचा आवाज ऐकू येईपर्यंत तिची शेपटी फळ्यांवर आपटायला लागलेली असायची, आणि ती त्याच्यासाठी आपटत नव्हती हे कळायला फार अक्कल लागत नव्हती.

बहात्तर वर्षांच्या माणसाने एका टपालवालीवर जळावं, तेही कुत्रीपायी, हे सांगतानासुद्धा लाज वाटते. पण आमच्या गावात एवर्टला ओळखणाऱ्या कुणालाही याचं नवल वाटलं नसतं. तो जन्मभर जळतच आला होता. पाच वर्षांचा होता तेव्हा थोरल्या भावाच्या गळाला दोन किलोचा ट्राउट लागला. भाऊ आईला हाक मारायला घरात पळाला, तेवढ्यात याने तो मेलेला मासा पायाने पाण्यात लोटून दिला. आईने दोघांनाही बडवलं. भाऊ पुढे दक्षिणेला कारखान्यात लागला, तिकडेच वारला, तरी विषय निघाला की एवर्ट म्हणायचाच, दोन किलोचा कुठला, दीड असेल जेमतेम.

भावानंतर सिक्सटेन. सिक्सटेन म्हणजे एवर्टच्या बहिणीचा नवरा आणि आमच्या शिकारी गटाचा प्रमुख. त्याने आजवर सत्तावन्न मूस मारले, एवर्टने एकवीस. बरं, सिक्सटेन काही मोठा शिकारी होता म्हणावं तर तसंही नाही. ठरलेल्या जागी जाऊन बसायचा, थर्मास उघडायचा, केक खायचा, नाकातल्या नाकात गाणं म्हणायचा, आणि घोड्याहून उंच ते हरिण झाडीतून निघून नेमकं त्याच्यासमोर आडवं उभं राहायचं. एवर्ट मात्र चार चार तास दगडासारखा बसायचा, वारा बघायचा, खोकला गिळायचा, आणि त्याच्यासमोर ससाही यायचा नाही. "सिक्सटेनपुढे मूस जीव द्यायला येतात," असं तो म्हणायचा. लोक हसायचे, पण तो विनोद करत नसायचा.

एवर्टच्या मतांचं असं होतं की जिथे तो कमी पडला तिथे एक मत तयार झालं. मूस कुणी किती मारले हे मोजणं म्हणजे खाटकाचं काम, शिकाऱ्याचं नव्हे. मासा धरून, मोजून, फोटो काढून परत सोडणारे लोक त्याला बघवत नसत. मासा काय चेंडू आहे, भूक असेल तर धर, नसेल तर त्याला त्याच्या घरी राहू दे, असं तो तोंडावर सांगायचा. झाडाच्या चित्रांचे कपडे घालून येणाऱ्यांना विचारायचा, झाडांना पटलं का तू झाड आहेस ते? जे उचलून आणणार नाही त्यावर गोळी झाडायची नाही. रानात बोलायचं नाही. आणि सगळ्यात मोठं मत हे, की मूस पाडणं हे गोळीचं काम असलं तरी शिकार असते कुत्र्याची. हे मत सर्वांत मोठं का, तर कुत्र्यांच्या बाबतीत एवर्टचा हात धरणारा आसपासच्या चार खोऱ्यांत कुणी नव्हता. हे सिक्सटेनही कबूल करायचा.

आमच्याकडचं कुत्रं मोकळं सोडलेलं असतं. ते वास काढत जातं, मूस गाठतं आणि समोर उभं राहून भुंकत त्याला जागच्या जागी अडवून धरतं. अर्धा तास, एक तास, लागेल तेवढा वेळ. तोवर कुत्र्याबरोबर गेलेला माणूस वाऱ्याच्या उलट बाजूने, पावलापावलाने जवळ सरकतो. तो गोळी घालेपर्यंत कुत्र्याने जागा सोडायची नसते, भुकेसाठी नाही, पावसासाठी नाही आणि मालकासाठी तर नाहीच. जे सोडतं ते कुत्रं वाया गेलं. त्याला मग कुणी बरोबर नेत नाही, ते घराच्या पायरीवर म्हातारं होतं. एवर्टने आजवर सहा कुत्री तयार केली, एकही वाया गेलं नाही. टुस्सा सहावी. राखाडी अंग, गालांवर फिकट पट्टे, शेपटीची घट्ट गुंडाळी, आणि आवाज असा की तीन किलोमीटरवरूनही ओळखावा. चार वर्षं त्याने तिच्यावर घालवली. त्यातच बायको, गुड्रून, गेली होती, मुलगा स्टॉकहोमला राहून मासा म्हणजे पाकिटातला एवढंच ओळखत होता. घरात टुस्सा होती म्हणून एवर्ट सकाळी उठत होता.

गुड्रून असताना एकदा म्हणाली होती, "तुला माझ्यापेक्षा कुत्री आवडते, ते मी कधीच सोडून दिलं. पण कुत्रीला मी आवडलेली तुला चालत नाही, याला काय म्हणायचं?"  त्या दिवसापासून कुत्रीचं जेवण एवर्ट स्वतः वाढायला लागला.

फेब्रुवारीत त्याच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, या वर्षी दलदलीत पाय टाकायचा नाही. खुर्चीवर बसून शिकार करायची असेल तर करा, पण कुत्रीमागे धावणं विसरा. आता प्रश्न असा, की टुस्साबरोबर जाणार कोण? सिक्सटेनचा पुतण्या तयारच होता. चांगला पोरगा, पायांत दम असलेला, स्वतःचंही कुत्रं असलेला. एवर्टने साफ नकार दिला. लोकांना त्याने सांगितलं, त्याच्या कुत्र्याशी टुस्साचं पटायचं नाही. खरं कारण त्याचं त्याला ठाऊक होतं. पोरगा चांगला होता, हीच अडचण होती. कुत्री ज्याच्याबरोबर शिकार करते त्याची होते, हे एवर्टने दुसऱ्यांची कुत्री आपल्यामागे आलेली पाहून स्वतःच अनुभवलं होतं.

म्हणून त्याने सिग्नेला निवडलं. सिग्ने चार वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर थेट दक्षिणेच्या टोकावरून आमच्याकडे राहायला आलेली, गेल्याच वर्षी गटात घेतलेली. तिकडे सगळी सपाट शेतं. तिला रानातलं काय कळणार, कुत्रीला चार पावलं फिरवून आणेल, हंगाम निघेल आणि कुत्री आपली ती आपलीच राहील, असा त्याचा पक्का हिशोब होता.

तो हिशोब जूनमध्येच कोलमडला. सिग्ने रानात बोलत नव्हती, घाई करत नव्हती. टुस्साने मान वळवली की ही थांबायची, आणि मग टुस्सा ठरवेल तिकडे जायची. संध्याकाळी परत आणून सोडताना एवर्टला सगळं सांगायची, कुठे वास लागला, कुठे हरवला, ओढ्यापाशी टुस्साने काय केलं. तो मान डोलवायचा, "हं, हं" म्हणायचा आणि मनातून जळायचा, कारण ती जे सांगायची ते बरोबर असायचं. एकदा म्हणाली, "एवर्ट, तिला डावीकडून वळसा घालायची सवय आहे ना? मला वाटतं ती वाऱ्यासाठी नाही घालत, ती मूसला पाण्यापासून तोडते." चार वर्षांत हे एवर्टच्या लक्षात आलं नव्हतं. तो म्हणाला, "माहीत आहे मला," आणि रात्रभर त्याच विचारात तळमळला.

मग त्याने जमेल तो उपाय केला. लोण्यात परतलेलं सॉसेज तिच्या थाळीत पडायला लागलं. वासराचं काळीज आणलं. गुड्रूनच्या खोलीतलं चांगलं पांघरूण काढून शेगडीजवळ तिला अंथरलं. टुस्साने सॉसेज खाल्लं, काळीज खाल्लं, पांघरुणावर झोपली आणि पाचला उठून दाराकडे तोंड करून बसली. एके दिवशी ती आली ती तोंडाला धुराचा आणि कसल्याशा साबणाचा वास घेऊन. एवर्टने ओलं फडकं घेऊन तिचं तोंड पुसलं. पुसताना तो काय करतोय हे त्याच्या लक्षात आलं, तरी त्याने पुसणं पुरं केलं.

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी हंगाम सुरू झाला, आणि पहिल्याच आठवड्यात टुस्साने दोन मूस धरले. दोन्ही सिग्नेने पाडले. गटाच्या खोपटात सगळे वाहवा करत होते. सिक्सटेन सगळ्यांच्या देखत म्हणाला, "एवर्ट, तुझी कुत्री तिच्याबरोबर फुललीय रे." त्याला बिचाऱ्याला मेव्हण्याचं कौतुकच करायचं होतं. एवर्ट हसला. घरी येऊन त्याने दार इतक्या जोरात लावलं की कडीचा खिळा निघाला.

रविवारी शिकार नसते. त्या रविवारी एवर्ट टुस्साला घेऊन त्याच्या तळ्यावर गेला. हे तळं कुठे आहे ते त्याने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, सख्ख्या मुलालाही नाही. होडीत बसायला खुब्याची आडकाठी नव्हती. टुस्सा नेहमीसारखी पुढच्या टोकाला बसली. एवर्टने गळ टाकला, तासाभरात चार ट्राउट घेतले, आणि रिवाजाप्रमाणे पहिल्याचं डोकं तोडून तिला दिलं. तिने ते घेतलं, व्यवस्थित खाल्लं, आणि मग तोंड वळवून टेकडीकडे नाक करून बसली. टेकडीपलीकडे सिग्नेचं घर होतं. "इकडे बघ," एवर्ट म्हणाला. तिने बघितलं, शेपटी एकदा हलवली आणि पुन्हा तिकडे वळली. उरलेला दिवस एवर्टने तिच्याशी अबोला धरला. टुस्साला ते कळलंही नाही.

सोमवारी सकाळी सिक्सटेनने एवर्टला जुन्या गिरणीच्या ओढ्यापाशी घडीच्या खुर्चीवर बसवलं. रस्ता जवळ, चढ नाही, म्हाताऱ्यांची जागा. धुकं आठच्या सुमारास उठलं आणि नऊला टुस्साचा आवाज आला. आधी दोन तुटक भुंकणी, मग थोडी शांतता, मग तो संथ, एकसारखा ठेका सुरू झाला. धरलाय. चारशे मीटरसुद्धा नसेल. कानात अडकवलेल्या वॉकीटॉकीत सिक्सटेन कुजबुजला, मोठा नर दिसतोय, कुणी हलू नका, सिग्ने जवळ सरकतेय.

एवर्ट ऐकत बसला. भुंकण्यावरून त्याला सगळं कळायचं, मूस उभा आहे की चालतोय, कुत्री दमलीय की नाही. त्या दिवशी त्याला आणखी एक गोष्ट कळली. टुस्सा खुशीत होती. तिला माहीत होतं की मागून कोण येतंय, आणि त्या येणाऱ्यावर तिचा पूर्ण भरवसा होता. असं ती त्याच्यासाठीही भुंकली असेल, नाही असं नाही, पण तेव्हा तो दलदलीत गुडघाभर रुतलेला, धापा टाकत असायचा, बसून ऐकायची वेळच कधी आली नव्हती. आता आली तेव्हा ते भुंकणं दुसऱ्यासाठी होतं. इतकी वर्षं भाऊ झाला, सिक्सटेन झाला, पण असं आतून कधी जळलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाही त्याला राग आला.

आपल्या कुत्र्यांना एवर्ट माणसाच्या हाकेने कधी बोलवत नसे. काळा सुतारपक्षी उडताना जसा ओरडतो, अगदी तशी शीळ तो घालायचा. रान बिचकत नाही आणि माणसांना पक्षीच वाटतो. सिग्नेला त्याने या उन्हाळ्यात बाकी सगळं शिकवलं होतं, ही शीळ शिकवली नव्हती.

त्याला फक्त बघायचं होतं. निदान नंतर तो स्वतःला असंच सांगत राहिला. ती येणार नाही, त्याने तयार केलेलं कुत्रं मूस सोडून येतच नाही, मग एकदा शीळ घालून बघायला काय हरकत आहे? त्याने ओठ ओले केले आणि शीळ घातली.

भुंकणं चालूच राहिलं. एवर्टला बरं वाटलं पाहिजे होतं. आधीच्या पाचांत एकही इतकं पक्कं कुत्रं झालं नव्हतं. पण वाटलं नाही, आणि त्याने पुन्हा शीळ घातली, या वेळी जास्त लांब.

भुंकणं थांबलं.

पाचेक मिनिटांत फांद्या हलल्या आणि टुस्सा त्याच्यासमोर आली, पोटापर्यंत ओली, जीभ बाहेर. सरळ येऊन तिने डोकं त्याच्या मांडीवर ठेवलं. आणि खोटं कशाला सांगू, एवर्ट सुखावला. त्याने दोन्ही हातांनी तिचे कान धरले, तिच्या डोक्यावर गाल टेकवला. मूस सोडून आली, सिग्नेला सोडून आली, शीळ ऐकून आली. जिंकलो, असंच त्याच्या मनात आलं. मग टुस्सा दोन पावलं मागे सरली, रानाकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि बारीक कुईकुई केलं. बोलावलंस, आता काम सांग, असं ती विचारत होती. त्याच्यापाशी काम नव्हतं.

वॉकीटॉकी खरखरला. सिग्नेचा आवाज होता. ती साठ मीटरवर पोचली होती, बंदूक वर घेतली होती, आणि एकाएकी टुस्सा गप्प झाली. नर ओढा ओलांडून पलीकडच्या गटाच्या हद्दीत गेला. फोन खिशातच होता, त्यामुळे टुस्सा कुठे आहे तिला कळत नव्हतं. सिक्सटेनला कळलं होतं. कुत्र्यांच्या पट्ट्यात हल्ली उपग्रहाचं यंत्र असतं आणि प्रत्येकाच्या फोनवर नकाशा. एवर्ट त्या फोनला हात लावत नसे, पण सिग्ने सोडून बाकी आठही जणांनी टुस्साची रेघ मूसपासून निघून सरळ एवर्टच्या खुर्चीपर्यंत गेलेली पाहिली होती.

"एवर्ट, टुस्सा आहे का तिथे?"

"आहे."

"आपणहून आली?"

एवर्टने टुस्साकडे बघितलं. "आपणहूनच आली," तो म्हणाला.

दुपारी सगळे खोपटात जमले. शेगडी पेटलेली, कॉफी उकळलेली, कुणी इकडच्या रिवाजाने कॉफीत चीजचे तुकडे टाकतंय, कुणी पायमोजे वाळवतंय.  आमच्याकडे कुणाचं चुकलं तर ओरडत नाहीत, नुसते गप्प बसतात, आणि ते जास्त लागतं. टुस्सा आत आली, सगळ्यांच्या बुटांचा वास घेतला आणि सिग्नेच्या पायाशी जाऊन पडली. एवर्ट तिथून दोन हातांवर बसला होता.

शेवटी सिक्सटेनने कप खाली ठेवला. त्यालाही ते जड जात होतं. कुत्री गुणी आहे, पण मालक आजारी पडला की काही कुत्र्यांचं असं होतं, म्हणाला. जीव मालकात राहतो. एकदा मूस सोडून घरच्या माणसाकडे आली ती पुन्हा येणार. उद्यापासून पुतण्याचं कुत्रं नेऊ, टुस्सा घरी राहू दे. मग त्याने विचारलं, "एवर्ट, तुझं काय म्हणणं?"

एवर्टच्या छातीत ऊब पसरत चालली होती. घरी राहू दे. म्हणजे पाच वाजले तरी गाडी यायची नाही. टुस्सा दाराकडे बसेल, आठवडाभर बसेल, महिनाभर बसेल, मग विसरेल. तळ्यावर त्याच्याबरोबर येईल. त्याने तोंडातून एक शब्द काढायचीही गरज नव्हती, नुसती मान हलवली की झालं. लोक उलट म्हणणार होते, बघा, मालकावर कसा जीव आहे. तो मान हलवणार, तेवढ्यात सिग्ने बोलली.

"चूक टुस्साची नाही," ती म्हणाली. "माझी आहे. माझ्या पायाखाली फांदी मोडली. मोठ्याने मोडली. मूस उसळला, ती घाबरली आणि ओळखीच्या माणसाकडे गेली. मला काढा गटातून. तिला नका काढू."

फांदी मोडली नव्हती. एवर्टचे कान म्हातारे झाले असले तरी इतके नव्हते. चारशे मीटरवर मोडलेली फांदी त्याला ऐकू आली असती, आणि मूस उसळला असता तर भुंकणं तुटलं नसतं, धावत गेलं असतं. बाई सरळ खोटं बोलत होती. दोन वर्षं वाट बघून मिळालेली गटातली जागा ती एका कुत्रीसाठी टाकून देत होती, आणि कुत्री तिची नव्हतीच. ज्याची होती तो कॉफी पीत बसला होता.

एवर्टला खरं बोलावंसं वाटलं ते चांगुलपणाने, असं मी म्हणणार नाही. इतका चांगला तो कधीच नव्हता. या बाईने टुस्सासाठी आपल्यापेक्षा जास्त करावं, हे त्याला सहन होईना. शेपटी तिच्यासाठी, भुंकणं तिच्यासाठी, आणि आता कुत्रीवर जीव टाकण्यातही तीच पुढे?

"फांदीबिंदी काही मोडली नाही," तो म्हणाला. "मी बोलावलं टुस्साला."

सिक्सटेनला आधी कळलंच नाही. कुणी हाक ऐकली नव्हती, म्हणाला. धरलेल्या मूसवरून कुणी आपलं कुत्रं बोलावतं का, आणि तेही तू? एवर्टने मग ओठ ओले केले आणि बसल्या जागी शीळ घातली. टुस्सा सिग्नेच्या पायाशी झोपली होती. ती ताडकन उठली, दोन माणसांच्या मांड्यांवरून उडी मारून आली आणि एवर्टच्या गुडघ्याला डोकं लावून उभी राहिली.



"दोनदा," सिग्ने म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "मी ऐकलं होतं. मला वाटलं पक्षी आहे. पहिल्यांदा ती हललीसुद्धा नाही, एवर्ट."

"हं," एवर्ट म्हणाला. "मग दुसऱ्यांदा घातली."

"का?"

"तू तिला किती आवडतेस ते बघवत नव्हतं मला."

हे त्याने मोठ्याने म्हटलं, बहिणीच्या नवऱ्यासमोर, ज्यांच्याबरोबर पन्नास वर्षं रानात काढली त्या माणसांसमोर. कुणी त्याच्याकडे बघितलं नाही. गटाचा नियम सगळ्यांना पाठ होता. धरलेल्या मूसवरून कुत्रं हलवणाऱ्याने त्याच दिवशी घरी जायचं आणि हंगामभर परत यायचं नाही. सिक्सटेनने तो म्हणून दाखवायला तोंड उघडलं. एवर्टनेच त्याची सुटका केली. "म्हणू नकोस, माहीत आहे," म्हणाला, आणि बंदूक, खुर्ची, थर्मास गोळा करायला लागला. कुणीतरी मदतीला उठलं. त्याने हातानेच नको म्हटलं.

"उद्या हिला घेऊन जा," तो सिग्नेला म्हणाला. "ती बिघडलेली नाही. मी नसलो की कुठे जाणार नाही."

"संध्याकाळी आणून सोडते."

"नको. तुझ्याकडेच राहू दे."

"किती दिवस?"

"हंगाम संपेपर्यंत," एवर्ट म्हणाला. हंगाम संपल्यावर काय, हे तिने विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. काठी घेऊन तो दाराकडे निघाला. टुस्सा लगेच त्याच्यामागे. सगळ्यांनी पाहिलं. सिग्नेच्या शेजारून, तिच्याकडे न बघता, ती त्याच्या पायाला अंग घासत दारापर्यंत आली. तीन महिने याच एका गोष्टीसाठी तो तडफडत होता. दारात तो थांबला, तिच्या छातीला हात लावून तिला आत ढकललं, आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं.

आतून टुस्साने दार खरवडायला सुरुवात केली. आधी जोरात, मग कुईकुई करत. एवर्ट पायरीवर उभा राहिला, कडीवर हात ठेवून. आत सिग्ने हळू आवाजात काहीतरी म्हणाली, काय ते त्याला नीट ऐकू आलं नाही. खरवडणं थांबलं. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा लवकर थांबलं.